सातच्या सात चूक

"बाई, येक तरी बरोबर याला पायजे हुतं की."

वही परत घेताना ती एवढंच म्हणाली. रडवेला सूर नव्हता, तक्रारीचाही नव्हता. दुकानदारानं सुटे पैसे कमी दिले की माणूस ज्या आवाजात विचारतो, तसला आवाज. तिला आपण सई म्हणू. तिसरीत आहे. मधल्या सुट्टीला दहा मिनिटं होती आणि बाहेर खिचडीला फोडणी पडली होती. मोहरी-जिऱ्याचा तो वास खिडकीतून आत आला की निम्मा वर्ग मनानं ताटावर जाऊन बसतो. खरं सांगायचं तर मीही. तेवढ्या वेळात अकरा वह्या संपवायच्या म्हणून लाल पेन सपासप चालवत होते. सईच्या वहीत हातच्याच्या सात वजाबाक्या होत्या. सातही चूक. सात फुल्या मारल्या, खाली ०/७ लिहिलं, सही केली, तारीख टाकली. घंटा झाली, ताटं वाजली आणि मी विसरून गेले.

संध्याकाळी स्कूटीवरून दहिवडीकडे परतताना ते वाक्य पुन्हा आठवलं आणि मग काही केल्या डोक्यातून जाईना. अंदाजपंचे दाहोदरसे उत्तरं ठोकणाऱ्या पोराचंही सातांत एखादं लागून जातं. ज्याला निम्मंशिम्मं कळलंय त्याची तीन-चार तरी बरोबर येतात. सातच्या सात चुकायला मात्र एक प्रकारची शिस्त लागते. पोरगी बरोबर बोलत होती. एक तरी बरोबर यायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधीच तिची वही मागून घेतली. ४२ वजा १७, तिचं उत्तर ३५. ६३ वजा २८, उत्तर ४५. ५१ वजा ३६, उत्तर २५. ७० वजा २४, उत्तर ५४. चौथ्या उदाहरणापाशी मला दिसलं. एककाच्या घरात जो आकडा मोठा त्यातून लहान वजा करायचा. मोठा आकडा वर आहे की खाली, याच्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन घालवले, पाच उरले. चारातून एक गेला, तीन. पस्तीस. सातही ठिकाणी हेच, एकदाही न घसरता. अक्षरही नेहमीसारखं नीटनेटकं, आकड्यांखाली पट्टीनं ओढलेली रेघ.

"हे असं का केलंस गं?"

"ल्हानातनं मोठी जात न्हाय. मोठ्यातनं ल्हान घालवायची." मग माझ्याकडे बघून, बाई विसरल्या असतील तर आठवण करून द्यावी अशा बेतानं म्हणाली, "तुम्हीच सांगितलंय की. पयलीत."

सांगितलं होतं. पहिलीत ही मुलं माझ्याकडेच होती. कुणीतरी फळ्यावर २ − ७ असं उलटं मांडलं होतं आणि ते एकदाचं मिटवावं म्हणून मी अख्ख्या वर्गाकडून ते वाक्य तालावर म्हणून घेतलं होतं: मोठ्यातून लहान, मोठ्यातून लहान. पंधरा दिवस रोज, टाळीसकट. त्यातल्या किती जणांनी ते कानाआड केलं कोण जाणे. सईनं केलं नाही. दोन वर्षं तिनं ते जपून ठेवलं आणि पहिली संधी मिळताच वापरलं.

आता यात मला वाईट वाटावं की बरं वाटावं हेच कळेना. शिकवलेलं इतकं पक्कं बसल्याचा असा पुरावा बाईला क्वचितच मिळतो.

डी.एड.ला आम्हाला 'शैक्षणिक मानसशास्त्र' होतं. १९९९ साल, कराडजवळचं अध्यापक विद्यालय, पत्र्याच्या छताखाली चाळीस मुली. अध्ययनाच्या उपपत्ती हे प्रकरण परीक्षेला हमखास, म्हणून आम्ही त्याचा मंत्र केला होता: 'पा-कु, था-मां, स्कि-उं, को-चिं'. पॅव्हलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर, स्किनरचा उंदीर, कोहलरचा चिंपांझी. कुणाच्या पुढ्यात कुठला प्राणी हे चुकलं की अर्धा मार्क जायचा. पॅव्हलॉव्ह म्हणजे अभिजात अभिसंधान, थॉर्नडाइक म्हणजे प्रयत्न-प्रमाद, स्किनर साधक अभिसंधान आणि कोहलरच्या नावापुढे मर्मदृष्टी. टेनेरिफ बेटावर सुलतान नावाच्या चिंपांझीनं एका काठीत दुसरी काठी खुपसून बाहेरचं केळं ओढून घेतलं, ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा लिहिली की मला अजून तो सुलतान ओळखीचा वाटतो. मर्मदृष्टी म्हणजे घोकंपट्टीच्या बरोबर उलटं काहीतरी, हे वाक्य आम्ही घोकून पाठ केलं होतं. तेव्हा कुणालाच हसू आलं नाही. आता येतं.

आणि हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठ घ्यायच्या पाच पायऱ्या. पाठटाचणाच्या वहीत रकाने आखलेले: प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन आणि पुढचं सगळं. सराव पाठाला निरीक्षक मागच्या बाकावर बसायचे आणि 'हेतुकथन' विसरलं की खालच्या मानेनं काहीतरी टिपून घ्यायचे. "तर मुलांनो, आज आपण हातच्याची वजाबाकी शिकणार आहोत," हे म्हटलं की हेतुकथन झालं. मुलांचा हेतू काय, हा रकाना वहीत नव्हता. मुलांची विचारशक्ती कशी वाढते याचा अभ्यास करणाऱ्या पियाजेवर दोन पानं होती. त्यातल्या चार अवस्था आणि त्यांची वयं तेवढी लक्षात राहिली. पियाजे मुळात या वाटेला लागला कसा, हे त्या दोन पानांत नव्हतं. असतं तर कदाचित माझी काही वर्षं वाचली असती.

ते मी खूप नंतर वाचलं. १९२० च्या सुमारास, पंचविशीच्या आत-बाहेरचा हा तरुण स्वित्झर्लंडहून पॅरिसला आला होता. सिरिल बर्ट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाच्या तर्काच्या चाचण्या तिथल्या शाळकरी मुलांवर वापरून त्या प्रमाणित करायचं काम त्याला दिलं होतं. काम कंटाळवाणं, बरोबर उत्तरं मोजायची, वयानुसार तक्ते करायचे. पण त्याचं मन भलतीकडेच गुंतलं. ठरावीक वयाची मुलं ठरावीक प्रश्नाला ठरावीक प्रकारेच का चुकतात? मग तो मोजणी बाजूला ठेवून मुलांशी गप्पाच मारत बसला. तुला असं का वाटलं, मग हे असं असेल तर काय. पुढची साठ वर्षं त्यानं जे केलं त्याचं बी त्या चुकीच्या उत्तरांत आहे. त्याच्या हातात माझं लाल पेन असतं तर मानसशास्त्राचं कठीण होतं.

सईच्या वहीनंतर त्या रात्री मोबाईलवर शोधत बसले, तर तिची चूक तिथं माझ्या आधी पोचलेली. तिला नाव होतं, वर्गवारी होती. १९७८ मध्ये अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा असाच पिच्छा पुरवला होता. निकाराग्वातल्या शाळकरी मुलांनी केलेल्या वजाबाक्यांचा ढीग त्यांनी उपसला. म्हणणं असं की मूल पद्धत विसरत नाही. पद्धतीत एक बारीक बिघाड असतो आणि मूल ती बिघडलेली पद्धत इमानेइतबारे पाळतं. संगणकाच्या प्रोग्राममध्ये जसा बग असतो तसा. त्यांनी 'बग्गी' नावाचा एक खेळच केला: संगणक चुकीची उत्तरं देणार आणि शिक्षकानं ओळखायचं की या 'मुलाच्या' डोक्यात नेमका बिघाड कुठला. यादीत वरच सई बसलेली होती. मोठ्यातून लहान. निकाराग्वा कुठं, माण तालुका कुठं. तिथल्या कुठल्या बाईनंही टाळी वाजवून घेतली असेल का, असं उगाच मनात आलं.

वजाबाकीचं आमच्या घरातलं प्रकरण तर अजून निराळं. तेच ४२ वजा १७ घ्या. वडिलांनी मला शिकवलेली रीत अशी: दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले पाच, हातचा एक, एक आणि एक दोन, चारातून दोन गेले दोन. पंचवीस. हा हातचा खालच्या आकड्याला जाऊन मिळतो. वर दहा वाढवले, खालीही दहा वाढवले, फरक तोच राहिला. झकास रीत आहे. वडील हे मुंडी न हलवता, सुपारी कातरता कातरता करायचे. शाळेत मात्र बाई सांगायच्या की शेजारच्या दशकाकडून एक उसना घ्यायचा, मग चाराचे तीन होतात, ते वर बारीक लिहायचं. मी घरी एक आणि शाळेत एक करायचे. परीक्षेत घाईत दोन्ही एकदम केलं: वरून एक कमी केला आणि खाली एक वाढवलासुद्धा. उत्तर पंधरा. वडील म्हणाले, शाळेत काय शिकवतात कोण जाणे. बाई म्हणाल्या, घरी कोण शिकवतं तुला? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि मी मधल्या चरात पडले होते. आजही पालकांपैकी कुणी आजोबा येऊन "आमच्या नातवाला हातचा यीना" म्हणाले की मी आधी विचारते, घरी तुम्ही शिकवता का? कसं?

आज्जीची गोष्ट त्याहून वेगळी. तिला वीसच्या पुढचे आकडे नावानं येत नसत. अंडी, भाकरी, उसाच्या कांड्या, सगळं ती इसांत मोजायची. तीन इसा धा म्हणजे सत्तर. चार इसा म्हणजे ऐंशी. बेचाळीस अंड्यांतली सतरा विकली तर राहिली किती, असं मी तिला एकदा परीक्षा घ्यायच्या मिषानं विचारलं. ती वजाबाकी करायलाच बसली नाही. बोटं मिटत वर चढली: सतरावर तीन म्हंजे ईस, आनि येक इसा, वर दोन. येक इसा पाच. मला तेव्हा वाटलं होतं, हिला वजाबाकी येत नाही म्हणून बेरीज करते.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच', 'पन्नास सात' असं आलं तेव्हा मला आज्जीच आठवली. केवढा गदारोळ झाला होता. विधानसभेत विनोद झाले, व्हॉट्सॲपवर तर आठवडाभर दुसरं काही नव्हतं. मराठी बुडाली इथपर्यंत मजल गेली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही रीती दिल्यात, जोडाक्षरांनी अडखळणाऱ्या मुलांना ही सोपी पडते. ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. मी मात्र वर्गातली साक्ष देऊ शकले असते. पंचवीस सांगितलं की पहिलीतली चार मुलं ५२ लिहितात, कारण कानाला पाच आधी ऐकू येतो. ती ऐकलं ते लिहितात. एकोणऐंशी म्हटलं की ८१ नाहीतर ८९, कारण 'ऐंशी' तर स्पष्ट ऐकू आलेलं असतं. आणि एकशे पंचवीस? आधी शंभर, मग एकदम उडी मारून पाच, मग मागं येऊन वीस. इंग्रजीतही तेरा ते एकोणीस असेच उलटे आहेत, पण त्यांचा त्रास तिथंच संपतो. आपला नव्व्याण्णवपर्यंत चालतो. हे सगळं कबूल. तरी त्या वर्षी मी वर्गात 'वीस पाच' शिकवताना एकीकडे चुळबुळत होते. गुरुवारच्या बाजारात या मुलांना "पंचवीस रुपये पाव" असंच ऐकू येणार आहे, आणि 'अडुसष्ट' हा शब्द नव्यानं तोंडात घोळवताना मुलांच्या चेहऱ्यावर जी मजा उमटते ती 'साठ आठ'मध्ये नाही. दोन्ही शिकवलं. कुठल्या मुलाला कशाचा उपयोग झाला, नक्की सांगता येणार नाही.

मग ज्ञानरचनावाद आला, म्हणजे मुलानं ज्ञान स्वतःच रचायचं हा विचार. आला म्हणजे, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून तो कागदावर होताच. आमच्यापर्यंत यायला दहा वर्षं लागली. आमच्याच सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला तेव्हा राज्यभरातून शिक्षक गाड्या करून येत. मीही गेले. पहिलीतली मुलं बाईंकडे न बघता आपापल्या गटात चिंचोके मांडून काहीतरी शोधत होती, आणि बाई चक्क गप्प बसल्या होत्या. ती गप्प बसण्याची कला मला सगळ्यात अवघड वाटली आणि तीच मी सोबत आणू शकले नाही. सोबत आणलं ते फरशीवरचं चित्रकाम. २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासननिर्णय आला, लोकवर्गणी झाली, ऑइलपेंटचे डबे आले, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि शाळेतले दुसरे शिक्षक, आमचे सर, गुडघ्यावर बसून वर्गाची फरशी रंगवत होतो. संख्यापट्टी, बाराखडीचं जाळं, दशक-एककाच्या चौकटी. वास आठवडाभर गेला नाही. बघायला आलेले साहेब खूश झाले, फोटो निघाले. मुलं सुरुवातीला आकड्यांवर उड्या मारत होती, मग त्यावरच बसकर पट्ट्या टाकून बसू लागली. सात या आकड्यावर पाय पसरून बसलेल्या मुलाला सात कळला असेल, असं मानायला आम्ही सगळेच तयार होतो. दोन पावसाळ्यांत ओल वर आली आणि संख्यापट्टीतले चौदा ते एकोणीस पोपडे होऊन निघाले. (नेमके हेच आकडे मुलांना अवघड जातात, हा योगायोग.)

त्या उत्साहात मी पाढे बंद केले. घोकंपट्टी नको, मुलं स्वतः रचतील. सातचा पाढा मुलांनी खरंच रचला, खडे मांडून, उड्या मारून. सुंदर दिवस होता तो. पण चौथीत भागाकार आला तेव्हा ५६ भागिले ७ करताना हीच मुलं पुन्हा खडे शोधू लागली, आणि खडे मोजून होईपर्यंत आपण मुळात काय करत होतो हे विसरू लागली. डोक्यात एका वेळी फार थोड्या गोष्टी मावतात. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञानं १९५६ मध्ये सात, अधिकउणे दोन, असा आकडा सांगितला होता. नंतरच्यांनी तो आणखी खाली आणला. पाढा पाठ असला की तो त्या इवल्या जागेत बसत नाही, बाहेर उभा राहून हाक मारली की येतो. पुढच्या वर्षी मी मुकाट्यानं पाढे परत सुरू केले. सरांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता शेजारच्या वर्गातून सकाळी चौथीचा सतराचा पाढा ऐकू येतो, 'सतरा आठी छत्तीसासे'ला सगळ्यांचा आवाज चढतो, आणि मला बरं वाटतं. दाहोदरसे हाही त्याच खाणीतला शब्द, एकशे दहा. अर्थ हरवलेला आकडा म्हणीत जाऊन राहिला. ज्या गोष्टीची मला प्रशिक्षणात लाज वाटायला शिकवली होती, तिच्यावर माझं प्रेम आहे हे कबूल करायला मला पन्नाशी जवळ यावी लागली. आणि तरी, 'मोठ्यातून लहान' हेही मी पाढ्यासारखंच म्हणून घेतलं होतं ना. तोच ताल, तीच टाळी.

पियाजेचा पाण्याचा प्रयोग मी गेल्या वर्षी पहिलीत केला. स्टीलचे दोन सारखे ग्लास, सारखं पाणी. मग एकातलं उंच, निमुळत्या बाटलीत ओतायचं आणि विचारायचं, आता कशात जास्त? पुस्तकात सांगितल्याप्रमाणे बहुतेकांनी बाटलीकडे बोट दाखवलं. एक पोरगा मात्र माझ्याकडे दयेनं बघत म्हणाला, "तेवढंच हाय की. तुमी नुसतं वतलंय, आनलंय कुठं?" त्याच्या वस्तीवर फेब्रुवारीपासून टँकर येतो. हंडा, कळशी, बादली, पिंप, ज्याच्यात मावेल त्याच्यात पाणी ओततच तो वाढलाय. ओतून पाणी वाढत असतं तर त्याच्या आईला रांगेत उभं राहावं लागलं नसतं. मेक्सिकोत कुंभारांच्या मुलांवर १९६९ मध्ये असाच अभ्यास प्रसिद्ध झाला होता. मातीचा गोळा चपटा केला तरी माती तेवढीच राहते, हे त्या मुलांना त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा चांगलं कळत होतं. मी खूश होऊन त्या पोराला पुढचा प्रयोग दिला. चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी, मग एक ओळ पसरून लांब केली. "आता हिकडं जास्त झालं," तो ठामपणे म्हणाला. पाण्यातलं त्याचं शहाणपण चिंचोक्यांपर्यंत पोचलं नव्हतं. त्याच्या वस्तीवर चिंचोक्यांची टंचाई नाही.

सईचं काय केलं, ते राहिलंच. खरं तर मी काही केलं नाही. दोन दिवस मी तिला फळ्यावर समजावत होते, उसना घ्यायचा, चाराचे तीन, वर बारीक लिही. आणि ती मान हलवत होती. मान हलवणारं मूल बघितलं की माझ्या पोटात आता गोळा येतो. तिसऱ्या दिवशी पाऊस होता, सर बैठकीला गेले होते, म्हणून चारही वर्ग एकाच खोलीत बसवलेले. द्विशिक्षकी शाळेत असे दिवस पाचवीला पुजलेले. तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या तिच्यापुढं होत्या; बेचाळीस मांडून झाले होते, त्यातून सतरा काढायचे होते. दोन सुट्ट्या काड्या उचलून ती थांबली. शेजारी चौथीतला तिचा चुलतभाऊ नकाशा रंगवत बसला होता. त्यानं मान वर न करता म्हटलं, "गठ्ठा सोड की मग."

तिनं माझ्याकडे बघितलं. गठ्ठा सोडायचा म्हणजे रबर काढायचं, आणि रबर काढायचं नाही, हरवतं, असा माझाच नियम होता. मी मान हलवली. तिनं रबर काढून मनगटात घातलं. काड्या फरशीवर पसरल्या, जिथं कधीकाळी चौदा-पंधरा रंगवलेले होते तिथं. तिनं मोजून सात बाजूला केल्या. मग एक अख्खा गठ्ठा बाजूला केला. उरलेलं दोनदा मोजलं. "पंचवीस," ती म्हणाली, आणि वहीतल्या पस्तीसकडे बघून कपाळाला आठी घातली.

रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉटस्की म्हणायचा, मुलाला आज कुणाच्या तरी सोबतीनं जमतं ते उद्या एकट्यानं जमेल. पियाजेच्याच वर्षी, १८९६ मध्ये जन्मलेला. क्षयानं सदतिसाव्या वर्षी गेला. या सोबतीला आधार, टेकू, इंग्रजीतून आलेलं स्कॅफोल्डिंग असं काय काय म्हणतात. तो शब्द त्याचा नाही. १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या लेखातून तो रूढ झाला. लहान मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा करायला मदत करणाऱ्या बाईनं कुठं हात घालायचा आणि कुठं काढून घ्यायचा, याबद्दलचा तो लेख. गवंडी भिंतीला परांची बांधतो आणि गिलावा झाला की सोडतो, तसं. प्रशिक्षणात यावर आम्हाला दीड तासाचं सत्र होतं, स्लाइड होत्या. त्या पोरानं चार शब्दांत उरकलं आणि तो पुन्हा कोकणाला हिरवा रंग द्यायला लागला.

त्या दिवशी सईनं काड्यांवर सातही वजाबाक्या पुन्हा केल्या. सातही बरोबर. शेवटच्या दोन तर तिनं काड्यांना हात न लावता, नुसतं त्यांच्याकडे बघून केल्या. मी जुन्या पानावरचं ०/७ खोडून टाकावं म्हणून पेन काढलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आयला दाखवलंय मी ते." आईनं काय म्हटलं, ते सांगितलं नाही.

परवा पुन्हा वह्या तपासत होते. यावेळी साधी उदाहरणं होती, हातचा नसलेली, मुद्दाम मिसळून दिलेली. ४८ वजा १३. सईचं उत्तर: २१५.

हात लाल पेनाकडे गेलाच. टोपण उघडलंही. मग मी बोटानं हिशेब लावत बसले. चाराचे तीन केलेले, वर बारीक, नीट. आठाचे अठरा. अठरातून तीन गेले, पंधरा. ते अख्खे पंधरा एककाच्या घरात दाटीवाटीनं बसवलेले. तीनातून एक गेला, दोन. गठ्ठा सोडायची गरजच नव्हती. पण गठ्ठा सोडला की उत्तर बरोबर येतं, हे तिला आता माहीत झालंय, आणि तिनं प्रत्येक उदाहरणात न चुकता गठ्ठा सोडला होता.

बाहेर खिचडीला फोडणी पडली होती. मी पेनाचं टोपण लावलं आणि तिला हाक मारली.

"सई, इकडं ये. हे कसं केलंस ते सांग बरं मला."

ती आली. येताना काड्यांचा डबा घेऊन आली.